सोंडेपलीकडची पापलेटं

केस मागे सारले आणि क्रेटभर पापलेटं गळ्यात पडली, असं कधी कुणाचं झालंय का? तिचं झालं. तेही कामाच्या पहिल्याच सकाळी, चारचौघांत. आणि अशा माणसाच्या हातून, की ज्याच्यापुढे नंतर तिला कितीदा तरी केस सारावेसे वाटले आणि तिने ते मुद्दाम घट्ट बांधून ठेवले.

वरच्या बंदरावरची लिलावाची शेड होती ती. वर पत्रा, खाली ओली फरशी, पिवळ्या क्रेटांच्या रांगा आणि पायाखाली करकरणारा बर्फाचा चुरा. गर्दीच्या कडेला ती कुप्यांची पेटी पोटाशी धरून उभी होती. समोर एका उलट्या क्रेटवर उभा राहून एक तरुण लिलाव पुकारत होता. पुकारत कसला, तोंडात नुसत्या लाह्या फुटत होत्या. ऐकता ऐकता तिला हसू आलं. तेवढ्यात समुद्रावरून वारा आला, बट डोळ्यावर आली, ती तिने कानामागे सारली.

“दिली,” तो गरजला आणि त्याने हात थेट तिच्याकडे केला.

तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मग कळलं ते असं. त्या शेडमध्ये बोली तोंडाने लावत नाहीत. शेजाऱ्याला सुगावा लागू नये म्हणून नुसता कानाला हात लावायचा. कुणाचा हात कधी कानाला लागला, हे फक्त वर उभ्या असलेल्याने टिपायचं.

“अहो, मी बोली नाही लावली,” ती म्हणाली.

“कानाला हात लागला ना?”

“केस सारले मी.”

“मग बांधून यायचं, मॅडम. इथे मोकळे केस महाग पडतात.”

शेड हसली. तिचा चेहरा लालेलाल. कसंबसं तिने सांगितलं, की ती सागरी संशोधन केंद्रातून आली आहे आणि तिला अख्खा मासा नकोच आहे, प्रत्येक माशाच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा हवा आहे. तो क्रेटवरून तिच्याकडे बघतच राहिला. डोकं नको म्हणणारी गिऱ्हाइकं खूप पाहिली, नुसती शेपटी मागणारं पहिलंच, असं तो म्हणाला. शेवटी त्याची आत्या मधे पडली. शेडच्या दाराशी बसून मासे विकणारी, अंगाने थोराड आणि जिभेने त्याहून तिखट. “मी घेते गं तो क्रेट. तू तुझं काय ते काप,” म्हणाली आणि तिथल्या तिथे पोरीचं नाव ठेवून मोकळी झाली. कात्री.

त्याचं नावही असंच कुणीतरी ठेवलेलं होतं. तोफ.

कात्रीचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. दोन बंदरांच्या मध्ये डोंगराची एक लांबच लांब सोंड समुद्रात शिरली होती. अलीकडे हे वरचं बंदर, पलीकडे खालचं. दोन्हीकडे पापलेटं सापडायची, दिसायला हुबेहूब सारखी. पण ती एकाच गोतावळ्यातली की वेगवेगळ्या घराण्यांतली, हे बघून सांगता येत नाही. त्यासाठी शेपटीचा तुकडा स्पिरिटच्या कुपीत घालून प्रयोगशाळेत न्यायचा, त्यातली जनुकं वाचायची आणि कुणाचं कुणाशी जुळतं ते पाहायचं.

आणि त्यावर लोकांचं पोट होतं. वरच्या बंदरात पापलेट वर्षागणिक कमी होत चाललं होतं. दोन्हीकडचा मासा एकच निघाला तर चिंता नव्हती, सोंड ओलांडून पलीकडून भर पडत राहिली असती. पण वेगळा निघाला, तर इकडच्या घराण्याला इकडेच वाचवायला हवं होतं. म्हणजे अंडी घालायच्या महिन्यांत वरचं बंदर बंद, होड्या काठावर, शेड रिकामी. मत्स्य खातं तिच्या उत्तराची वाट बघत होतं. हे सगळं तिने तोफेला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

“म्हणजे माशांची सोयरीक बघायला आलात.”

“तसं समजा.”

“आणि सोयरीक नाही निघाली, तर आमच्या बाबांची होडी काठावर.”

हसतच म्हणाला तो, पण तिच्या जिवाला ते लागलं. त्याच्या वडिलांची होडी तिने पाहिली होती. निळ्या पट्ट्याची, म्हातारी, आणि म्हाताऱ्याचा तिच्यावर जीव.

दर आठवड्याला ती यायची. लिलाव सुरू व्हायच्या आधी कात्री चालवायची. सुरुवातीला व्यापारी कुरकुरले, की शेपटी कापलेला माल घेणार कोण. तर हा पठ्ठ्या क्रेटवर चढला आणि “तपासलेला माल, सरकारी कात्रीचा माल,” असं पुकारून त्याच माशांना चढा भाव मिळवून दिला. पुढच्या खेपेला व्यापारीच तिला म्हणायला लागले, ताई, आमच्याही माशाला जरा कात्री लावा.

पण गंमत अशी, की क्रेटवर चढला की तोफ, खाली उतरला की फुसका बार. तिच्याशेजारी उभा राहिला की त्या माणसाला धड वाक्य सुचत नसे. “थंडी... नाही, बर्फ... म्हणजे हात गारठले असतील,” असं काहीतरी पुटपुटायचा आणि चहाचा ग्लास पुढे करून पळायचा. एकदा त्याने तिला स्वतःचे रबरी हातमोजे दिले. त्यात तिचे दोन्ही हात एकाच मोज्यात मावले असते. पुढच्या आठवड्यात पेटीवर लहान हातमोजे ठेवलेले. “चुकून बारके आले,” तो लांबूनच म्हणाला. अख्ख्या बंदरात त्या मापाचे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

तिला तो आवडायला लागला होता. उगाच आडवळणं कशाला घ्या? बंदराचा दिवस जवळ आला की ती आदल्या संध्याकाळीच पेटी भरून ठेवायची, आणि तिची आई म्हणायची, माशांसाठी एवढं नटून जाणारी पहिलीच बघतेय बाई.

मग समुद्र बिघडला. वारा सुटला, होड्या जेमतेम बाहेर पडायच्या आणि जाळ्यात पापलेट सोडून बाकी सगळं यायचं. खालच्या बंदराच्या कुप्या भरून झाल्या होत्या, वरच्या बंदराच्या अजून भरायच्या होत्या. तिच्या मोठ्या मॅडम, म्हणजे केंद्रातल्या तिच्या वरिष्ठ, म्हणाल्या की आणखी एकदा जाऊन बघ, नाही मिळालं तर आहे तेवढ्यावर भागवू. निघता निघता तिने तोफेला हे सांगितलं. सांगताना तिने नजर पेटीच्या कडीवर ठेवली.

“पुढच्या वेळी नाही मिळालं... तर मग इकडे यायचं काही कारण राहत नाही.”

त्याने पेटीची कडी नीट लावून दिली. मग म्हणाला, “मिळेल. तुम्ही या तर खरं.”

आणि मिळालं की. पुढच्या आठवड्यात शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली बर्फात रचलेला क्रेट तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला. चकचकीत पापलेटं, काठोकाठ. ती हरखून गेली. बाबांच्या जाळ्यात आली का, असं तिने विचारलं. तो “हं” म्हणाला आणि वजनकाट्याकडे वळला. क्रेट निळा होता. वरच्या बंदरात सगळे क्रेट पिवळे. “हा निळा कुठून आला?” तिने कापता कापता सहज विचारलं. “आमचे फुटले. मागून आणला,” तो काट्याकडे बघतच म्हणाला. तिने तुकडे कुप्यांत भरले, आणि आपल्याला पुढच्या आठवड्यातही यायला मिळणार या आनंदात गाणं गुणगुणत बसमध्ये चढली.

प्रयोगशाळेचं काम म्हणजे चिकाटीचं काम. यथावकाश निकाल आला आणि पडद्यावर ठिपक्यांचा नकाशा उमटला. एक ठिपका म्हणजे एक मासा. वरच्या बंदराचे ठिपके तिने पिवळे ठेवले होते, खालचे निळे, क्रेटांच्या रंगावरून. पिवळ्यांचा पुंजका एका टोकाला, निळ्यांचा दुसऱ्या. दोन घराणी, लख्ख वेगळी. निळ्या पट्ट्याची होडी डोळ्यांसमोर आली. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की निळ्या पुंजक्याच्या अगदी मधोमध काही पिवळे ठिपके बसले आहेत. वरच्या बंदरात सापडलेले, पण खालच्या घराण्याचे मासे.

मोठ्या मॅडम खुर्चीवरून उठल्याच. हे मासे सोंड ओलांडतायत, म्हणाल्या. म्हणजे ये-जा आहे, म्हणजे बंदर बंद करायची गरज नाही. आजवर हे कुणी दाखवलं नव्हतं. दोन्ही बंदरांची माणसं आणि मत्स्य खातं यांच्यापुढे हे तूच मांड, आणि या कामावर तुझी नेमणूकही पक्की होईल, असंही त्या म्हणाल्या. ते सगळे पिवळे ठिपके एकाच दिवसाचे आहेत, हे तिने पाहिलं होतं. थवा एकत्रच फिरतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मनाला हवं ते पटवायला वेळ लागत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती बंदरावर धावली. आधी त्याला सांगायचं, मग जगाला. लिलाव संपला होता, बाहेर भुरभुर पाऊस होता आणि तो पाइपने फरशी धूत होता. एका दमात तिने सगळं सांगितलं. ओलांडतात, खरंच ओलांडतात, बाबांची होडी नाही लागणार काठावर. तिला वाटलं होतं तो उडी मारेल. पण त्याच्या हातातला पाइप त्याच्याच पायांवर पाणी ओतत राहिला.

“सगळे एकाच दिवसाचे आहेत का?” त्याने विचारलं.

“हो. त्या निळ्या क्रेटमधले. थवा एकत्र फिरतो ना, म्हणून...” आणि बोलता बोलता ती थांबली.

त्याने नळ बंद केला. “ती पोहून नाही आली, मॅडम. टेम्पोतून आली.”

तिची नजर भिंतीशी रचलेल्या पिवळ्या क्रेटांकडे गेली.

“खालच्या बंदरात माझा मावसभाऊ लिलाव पुकारतो. त्याच्याकडून घेतली. इकडे एकही नव्हतं... आणि तुम्ही म्हणाला होतात, मासा नाही तर यायचं कारण नाही.”

“म्हणून खोटं बोललात?”

“हो.”

सबब नाही, सारवासारव नाही, नुसतं हो. त्यानेच ती जास्त पेटली. “उद्या मी सगळ्यांपुढे काय बोलणार होते, कळतंय का? मासा येतच राहणार म्हणून तुम्ही सगळे उपसत राहिला असतात. आणि एक दिवस जाळ्यात नुसतं पाणी आलं असतं. माझ्या नावावर.”

“कळतंय. म्हणून तर सांगतोय.” त्याने पाइप खाली ठेवला. “गप्प बसलो असतो तर बाबांची होडी चालू राहिली असती. तुम्हीही खूश राहिला असतात. पण तुम्हाला खोटं बोलायला लावून... ते नाही जमलं.”

ती निघाली. मागून “मॅडम...” ऐकू आलं. ती वळली नाही.

बसच्या खिडकीशी बसून तिने त्याला मनातल्या मनात लबाड, मूर्ख, बिनडोक, काय काय म्हणून घेतलं. राग त्याच्यावर होता, पण खरं सांगायचं तर स्वतःवर जास्त होता. निळा क्रेट तिला दिसला होता. दुसऱ्या कुणी दिला असता तर तिने खोदून खोदून विचारलं असतं. त्याच्या हातचा म्हणून ती भुलली होती. मग तिला “टेम्पोतून आली” आठवलं आणि ती मोठ्याने हसली. शेजारच्या आजोबांनी चमकून पाहिलं. आणि हसता हसता डोळे कधी भरून आले, ते तिलाही कळलं नाही.

मोठ्या मॅडमना तिने काहीच लपवून न ठेवता सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “प्रेमात पडायला माझी ना नाही,” त्या म्हणाल्या, “पण पुढच्या वेळी आधी क्रेटचा रंग लिहून घे.” नेमणुकीचं आता काय, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तो क्रेट हिशेबातून काढल्यावर नकाशा साफ झाला. दोन पुंजके, मध्ये काहीच नाही.

बैठकीला शेडच्या मागचा हॉल तुडुंब भरला होता. ती उभी राहिली. सोंडेच्या दोन बाजूंना दोन वेगळी घराणी आहेत, पलीकडून भर पडणार नाही, इकडचा मासा इकडेच वाचवावा लागेल, असं तिने सांगितलं. एक क्रेट भलतीकडचा आला होता आणि तो न तपासता घेणं ही आपली चूक होती, हेही सांगितलं. त्याचं नाव तिने घेतलं नाही. हॉलमध्ये गलका उठला. तोफेचे वडील ताडकन उभे राहिले. भलतीकडचा कशावरून, त्यांनी विचारलं. तुम्हाला नको तो मासा भलतीकडचा, आणि हवा तो खरा, असं कसं?

खरं उत्तर तिच्याकडे होतं. दिलं असतं तर तो उघडा पडला असता.

“मी आणला होता, बाबा.” मागच्या भिंतीपासून आवाज आला. लिलावाचा आवाज, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. “खालच्या बंदरातून. त्यांना सांगितलं, आपल्या जाळ्यातला आहे. त्या सांगतायत तेच खरं आहे.”

सगळ्या माना मागे वळल्या. म्हाताऱ्याला काही उमगेना. “कशाला पण?”

तोफेने मान खाली घातली. अख्ख्या बंदराला भाव सांगणारा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. कान तेवढे लाल होत चालले होते.

“कशाला म्हणजे काय, दादा?” पहिल्या रांगेतून आत्या वैतागून म्हणाली. “कात्री यावी म्हणून. सगळ्या बंदराला माहितेय, तुलाच तेवढं ठाऊक नाही.”

आणि एवढ्या गंभीर बैठकीत असा हशा पिकला, की मत्स्य खात्याच्या साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने आधी लेकाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. पोरगं खोटं बोललं ते बाईसाठी आणि खरं बोललं ते माशासाठी, म्हणजे अगदीच वाया गेलेलं नाही, असं काहीसं तो पुटपुटला आणि खाली बसला. त्यानंतर विरोधाला धार उरली नाही. वरचं बंदर अंडी घालायच्या महिन्यांत बंद ठेवायचं ठरलं. मोठ्या मॅडमची गाडी लगेच निघायची होती, तिलाही त्यातूनच परतायचं होतं. गर्दीतून तिने मागच्या भिंतीकडे पाहिलं, पण तो तिथे नव्हता.

बंदी लागली. होड्या वाळूवर आल्या. आणि एका स्वच्छ सकाळी ती बसमधून उतरली. हातात पेटी नव्हती. निळ्या पट्ट्याच्या होडीला म्हातारा रंग देत बसला होता. त्याने तिला पाहिलं, ब्रशनेच शेडकडे खूण केली आणि पुन्हा पट्ट्यावर ब्रश फिरवायला लागला.

शेड कधी नव्हे ती कोरडी होती. बर्फ नाही, वास नाही, माणूस नाही. तो एकटा क्रेट रचत होता. तिला बघून हातातला क्रेट तसाच राहिला.

“आज मासा नाही,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“बरेच दिवस नसणार.”

“तेही माहितेय. मीच बंद करायला लावलंय.”

“मग... कशाला आलात?”

बसमध्ये तिने यावर चांगली चांगली उत्तरं जुळवली होती. ती सगळी ऐन वेळी पळाली. “मासा नाही म्हणूनच आले,” ती म्हणाली. “असता तर तुम्हाला वाटलं असतं, माशासाठी येते.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हातातला क्रेट त्याने फरशीवर पालथा घातला आणि वर चढला.

“हे काय?”

“खाली मला बोलता येत नाही,” तो म्हणाला. घसा खाकरला. आवाज नेहमीचा नव्हता, लाह्याही फुटत नव्हत्या. “एकच नग आहे. माल साधा. एकदा खोटं बोललेला आहे, ते आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. होडी काठावर, शेड रिकामी, येत्या महिन्यांचं काही खरं नाही. आणि जीव तुझ्यावर आहे, तो पहिल्या दिवसापासून आहे. घ्यायचा तर... विचार करून बोली लाव.”

तू म्हणाला तो. दोघांच्याही ते लक्षात आलं.

तिने केसांची क्लिप काढली. समुद्रावरून वारा येतच होता, बट डोळ्यावर आली. तिने ती सावकाश कानामागे सारली आणि हात तिथेच राहू दिला.

“दिला,” तो म्हणाला, इतक्या हळू, की त्या रिकाम्या शेडमध्येही ते जेमतेम तिला ऐकू आलं. आणि या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही.